पाठीवरच्या पाच थापा

सगळ्यात आधी एक गोष्ट नीट ऐकून घ्या. सिस्टरनी माझ्या मुलीला मारलं नाही. मारलं नाही, चिमटा काढला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. आमच्या घरच्या ग्रुपवर जो बारा सेकंदांचा व्हिडिओ फिरला, तो ज्यांनी ज्यांनी पाहिला आणि "अरे देवा" म्हणत पुढे ढकलला, त्यांच्यापैकी कुणाच्या हे कानावर गेलं तर फारच बरं. त्यांच्यासाठीच सांगतेय.

मी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. काचपट्टीवर थेंब पसरायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, पेशी मोजायच्या, लिहायचं. परदेशात येऊन ही जागा मिळवायला चार वर्षं घालवली, दोन परीक्षा दिल्या, त्यातली एक दोनदा. मग मुलगी झाली. तिला आम्ही ठकी म्हणतो, कारण बसवली तिथे डोळे वटारून गप्प बसते. विभागप्रमुख बाईंनी माझी जागा दहा महिने राखली आणि मग स्वच्छ सांगितलं, "एक तारखेला या, नाहीतर मला दुसरं माणूस घ्यावं लागेल." त्यांचं काही चुकलं नाही. रक्त काय माझी मुलगी मोठी व्हायची वाट बघणार आहे?

मुलं सांभाळायला नोंदणी झालेली माणसं देणारी एक संस्था आमच्या भागात आहे. तिथून एकेक बाई भेटायला येऊ लागली. पहिलीने बाळाकडे बघायच्या आधी टीव्हीचा रिमोट कुठे असतो ते विचारलं. दुसरीकडे प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल होती, पण ठकीला तिने असं धरलं की जणू कुणाचं तरी पार्सल चुकून तिच्या हातात आलंय. तिसरीला जिना चढवेना. या सगळ्या मुलाखतींना आमच्या नणंदबाई फोनवर हजर. आपल्या घरी, हजारो मैलांवर बसून त्यांनी तिघींनाही नापास केलं. तिसरीला तर ती धापा टाकत दारात उभी असतानाच.

मग सिस्टर आल्या. बावन्न वर्षांच्या, ठेंगण्या, केस घट्ट बांधलेले, हातात घड्याळ नाही, ते छातीवर पिनने उलटं लावलेलं. आपल्याच भाषेच्या निघाल्या म्हणून मी खूश होऊन म्हटलं, "या ना मावशी, बसा."

"मी मावशी नाही," त्या म्हणाल्या. "सिस्टर म्हणा, नाहीतर काहीच म्हणू नका, चालेल. हात कुठे धुऊ?"

कोपरापर्यंत हात धुतले, पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि बाई चक्क जमिनीवर पालथ्या पडल्या. मी आणि नवरा एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. सिस्टर रांगत निघाल्या. सोफ्याखाली, पलंगाखाली, धुण्याच्या मशीनच्या मागे, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. परत आल्या तेव्हा मुठीत एक गोल चपटी बॅटरी, कोटाचं बटण, पेनाचं टोपण आणि शेंगदाण्याचं अर्धुक होतं. टेबलावर मांडून म्हणाल्या, "बाळ जिथून घर बघतं तिथून बघावं लागतं. उभं राहून काही दिसत नाही." दोन दिवस आधी मी घर लख्ख केलं होतं. मला इतकी लाज वाटली की चहा विचारायचंही राहिलं.

त्यांनी तिकडे इस्पितळात, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या वॉर्डात, अकरा वर्षं काढली होती. तळहातावर मावतील एवढी बाळं. नवऱ्यामागे इकडे आल्या तर त्यांची नर्सिंगची कागदपत्रं इथे कुणी धरेना. पुढे नवराही राहिला नाही. मग चाळिशी उलटल्यावर विशीतल्या पोरींच्या शेजारी बाकावर बसून त्यांनी बालसंगोपनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला. लंगोट कसा बदलायचा यावर बाईंनी लेखी उत्तरं लिहिली! तिथे हसल्या नाहीत, रडल्या नाहीत, पहिल्या आल्या. तेव्हापासून दर तीन वर्षांनी परीक्षा देऊन नोंदणी ताजी करतात. थोरली बहीण आणि त्या, एका कपडे धुण्याच्या दुकानावरच्या खोलीत राहतात. खिडकी उघडली की वाफ आत येते. ती नोंदणी आहे म्हणून ही खोली आहे, आणि खोली आहे म्हणून बहिणीची औषधं वेळेवर होतात.

निघताना त्यांनी एकच अट घातली. "घरात कॅमेरा असेल तर आत्ता सांगा. माझी हरकत नाही. वॉर्डातही कॅमेरे होते. पण सांगून."

"छे, कॅमेरा कशाला!" मी म्हटलं. संस्थेच्या कागदावरही "कॅमेरा नाही" या चौकटीत खूण केली. त्या दिवशी ते खरं होतं.

पहिले तीन-चार आठवडे मी जसं काम केलं तसं आयुष्यात केलं नसेल. डोकं शांत, हात स्थिर. घरी आलं की वहीत सगळं लिहिलेलं असायचं. किती खाल्लं, किती झोपली, कधी कुरकुरली, आणि खाली एक ओळ, "आज कुणाचाही हात न धरता सात मोजेपर्यंत उभी राहिली." ती ओळ वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते, हेही सांगून टाकते.

पण आमच्या नणंदबाईंना झोप लागत नव्हती ना! "परकं माणूस, बंद घर, बोलता न येणारं लेकरू," त्यांचा रोज फोन. "एक छोटासा कॅमेरा बसव रे. आम्हालाही ठकी दिसेल. आईचाही वेळ जाईल." शेवटचं वाक्य माझ्या नवऱ्याच्या वर्मी लागतं, हे बहिणीला पक्कं ठाऊक. त्याने कॅमेरा आणला. ठकीच्या खोलीतल्या पुस्तकांच्या फळीवर, दोन जाड शब्दकोशांच्या मधे ठेवला. सिस्टर बिचाऱ्या जमिनीलगत बघत होत्या, आम्ही वर ठेवला.

मी म्हटलं, "सिस्टरना सांगायला हवं."

"सांगू की सोमवारी," हा म्हणाला.

मी मान डोलावली. सोमवार आला आणि गेला. असे तीन सोमवार गेले. मीही जेवणाच्या सुट्टीत फोन उघडून बघत होते. यात माझा काडीचाही दोष नाही असं मी म्हणणार नाही, म्हटलं तर जीभ झडेल.

याने पुढची करामत अशी केली की कॅमेऱ्याची लिंक आणि पासवर्ड घरच्या ग्रुपवर टाकला. का, तर प्रत्येकाला वेगवेगळं सांगत कोण बसणार! झालं. आमची ठकी म्हणजे घरादाराची मालिका झाली. "आज टोपी नाही घातली." "बाई डाव्या हाताने भरवते का?" "झोपवताना गाणं म्हणत नाही, नुसती थोपटते." कुठल्या तरी चुलतसासऱ्यांचा जावई, ज्याला मी लग्नात एकदा पाहिलं असेल, तो बाळाच्या शी-शूच्या वेळांवर मत देत होता. उंटावरून शेळ्या हाकायला जमलेली ही सगळी फौज. मी नवऱ्याला म्हटलं, बंद कर हे. तो म्हणाला, "अगं, प्रेमाने बघतात."

प्रेमाने! तर ऐका त्या प्रेमाचं पुढे काय झालं.

बुधवार होता. सकाळचे साडेअकरा. स्वयंपाकघर अरुंद म्हणून ठकीची उंच खुर्ची तिच्याच खोलीत खिडकीशी असते. सिस्टर समोर स्टुलावर बसून तिला उकडलेलं गाजर भरवत होत्या. मऊ, बोटाने चिरडेल असं. ठकीने तुकडा तोंडात घेतला. आणि नेमकं त्याच दिवशी आमच्या नणंदबाईंना शोध लागला होता की या कॅमेऱ्याला बोलायचंही बटण आहे. त्यांनी ते दाबलं. फळीवरून एकदम मोठ्ठा आवाज आला, "अहो, मोजे कुठायत तिचे? पाय गार पडतील!"

बाळ दचकलं. दचकल्यावर माणूस श्वास आत ओढतो, तसा तिनेही ओढला, आणि गाजर घशात गेलं ते तिथेच बसलं.

मी हे सगळं नंतर रेकॉर्डिंगवर पाहिलं. एकदा नाही, सहा वेळा. ठकीचं तोंड उघडं आहे आणि आवाज नाही. सिस्टरनी फळीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. बाळाला खुर्चीतून उचललं, आपल्या हातावर पालथं घेतलं, डोकं खाली, जबडा बोटांत धरलेला, आणि तळव्याने दोन खांद्यांच्या मधे थापा मारल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. उताणं करून छातीवर दोन बोटांनी दाबलं, पुन्हा पाच. पुन्हा पालथं. दुसऱ्या फेरीतल्या तिसऱ्या थापेला तुकडा बाहेर पडला आणि माझी मुलगी असं रडली, असं रडली की मला खुर्चीवर बसल्या जागी दरदरून घाम फुटला. सिस्टर तिला छातीशी धरून जमिनीवर बसल्या.  सगळं मिळून एक मिनिटसुद्धा नाही.

नणंदबाईंनी काय पाहिलं? बाई बाळाला उलटं धरून मारतेय. त्यांनी फोनच्या पडद्यावरून बारा सेकंद उचलले, नेमके थापांचे, आणि ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, "हे बघा, मारतेय!!!" तीन उद्गारचिन्हं. पुढचं अर्धं मिनिट थांबून बघायची त्यांना गरज वाटली नाही. आमच्या प्रयोगशाळेत नवीन आलेली पोरसुद्धा एका काचपट्टीवरून निकाल देत नाही हो, दुसरी करून बघते!

माझा फोन कामाच्या वेळी लॉकरमध्ये असतो. नवऱ्याला पाच मिनिटांत नऊ फोन गेले. याने काय करावं? मला विचारावं? सिस्टरना विचारावं? रेकॉर्डिंग लावून बघावं? काही नाही. आधी संस्थेला फोन करून "बाळाला मारहाण" अशी तक्रार लिहून दिली, मग धावत घरी गेला आणि सिस्टरना दोन मिनिटांत घराबाहेर काढलं. त्या काही सांगत होत्या ते ऐकून घेतलं नाही. जिन्यातून त्या एवढंच म्हणाल्या, "तिला डॉक्टरांकडे न्या. घसा खरवडला असेल." हे त्यानेच मला सांगितलं, आणि सांगताना चेहरा असा की बघा, कशी सारवासारव करत होती!

दोन वाजता मी लॉकर उघडला तेव्हा एक्केचाळीस मेसेज होते. तशीच धावत घरी पोचले. पण मी आधी रेकॉर्डिंग लावलं, पूर्ण. आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

डॉक्टरांनी ठकीच्या घशात बघितलं. बारीकसा ओरखडा होता. "तुकडा कुणी काढला?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "शिकलेल्या हातांचं काम आहे. मिनिटभर उशीर झाला असता तर तुम्ही आत्ता इथे माझ्यासमोर बसला नसता." माझा नवरा जमिनीकडे बघत होता. बघ म्हटलं, नीट बघ.

घरी आल्यावर फोन लावला. सासूबाई, सासरे, नणंदबाई, सगळे पडद्यावर. पूर्ण रेकॉर्डिंग दाखवलं.  मग नणंदबाई म्हणाल्या, "मला काय माहीत असं असतं ते! मी काळजीनेच बोलले ना."

"ताई, तुम्ही बोललात म्हणून तिच्या घशात अडकलं," मी म्हटलं.

"म्हणजे आता माझ्यावरच का? वा गं वा!"

सासूबाई मधे पडल्या. "झालं ते झालं. पोर सुखरूप आहे ना? मग कशाला उकरायचं? घरातलं घरात राहू दे."

घरातलं घरात! जिला घराबाहेर हाकललं तिने कुठे राहायचं म्हणता? मी फोन ठेवून दिला. आठ वर्षांत पहिल्यांदा, नमस्कार न करता.

दुसऱ्या दिवशी दोघं संस्थेत गेलो. याची अपेक्षा अशी की चूक झाली म्हणू, तक्रार मागे घेऊ, विषय संपला. तिथल्या अधिकारीबाईंनी शांतपणे सांगितलं की मुलाला मारल्याची तक्रार एकदा लिहिली की मागे घेता येत नाही. सिस्टरची नोंदणी थांबवली आहे. शुक्रवारी चौकशी. तुम्ही "गैरसमज झाला" एवढंच लिहून दिलंत तर नोंदीत "सिद्ध झालं नाही" असा शेरा राहील.

"म्हणजे सुटल्याच ना त्या?" नवरा म्हणाला.

"असा शेरा बघून तुम्ही घ्याल का घरात?" त्यांनी विचारलं. 

पूर्ण रेकॉर्डिंग दिलं तर शेरा पुसला जाणार होता. पण मग न सांगता ठेवलेला कॅमेरा उघड होणार, मी केलेली खूण खोटी ठरणार, आणि आमचं घर संस्थेच्या यादीतून कायमचं जाणार. या शहरात नोंदणी झालेली दुसरी बाई आम्हाला कोण देणार? घरी येताना रस्ताभर हा मला समजावत होता. "तुझ्याच नोकरीचा विचार करतोय. सिद्ध झालं नाही म्हणजे काय, दोष नाहीच. मिळेल तिला दुसरं काम. तुला तुझी जागा परत मिळणार आहे का?"

मला तिथेच फुटपाथवर थांबून याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. नाही वाजवली, पण बोलले. "तुझ्या बहिणीला हजारो मैलांवरून बटण दाबता येतं, आणि तुला घरात बसून पोरीचा लंगोट बदलता येत नाही? सोमवारपासून तू सुट्टी घे. माझी नोकरी माझी मी सांभाळते." लोक वळून बघत होते. बघू देत. आमच्याकडे तरी काय, बघण्याचाच कार्यक्रम चालला होता.

शुक्रवारी मी पूर्ण रेकॉर्डिंग घेऊन गेले. लहानशी खोली, एक लांब टेबल, भिंतीवर मोठा पडदा. एका बाजूला आम्ही, समोर सिस्टर आणि त्यांची थोरली बहीण. सिस्टरच्या छातीवर घड्याळ नव्हतं. तीन दिवसांत बाई निम्म्या झाल्या होत्या. अधिकारीबाईंनी रेकॉर्डिंग लावलं. फळीवरून नणंदबाईंचा आवाज आला तेव्हा थोरल्या बहिणीने "अगं बाई" म्हणून तोंडावर हात घेतला. थापा, तुकडा, रडणं, सगळं झालं. अधिकारीबाई म्हणाल्या, "तक्रार खोटी. नोंद पुसली जाईल, नोंदणी आजपासून पुन्हा चालू. या कुटुंबाचं नाव यादीतून काढलं जातंय." मग सिस्टरकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही या मुलीचा जीव वाचवलात."

खरं सांगते, मला हलकं वाटलं. वाटलं, चला, निदान एवढं तरी आपल्या हातून नीट झालं. आता सिस्टर माझ्याकडे बघतील, कदाचित ठकीची चौकशी करतील. मी तर "चुकलं आमचं" हे शब्द तोंडात तयार ठेवले होते.

सिस्टर अजून पडद्याकडेच बघत होत्या. तिथे ठकीच्या खोलीचं चित्र थांबलेलं होतं. खुर्ची, खिडकी, दार, सगळं वरून.

"हा किती दिवस होता तिथे?" त्यांनी विचारलं.

"तीन आठवडे," मी म्हटलं.

"रोज सकाळी मी त्या खोलीत कपडे बदलते," त्या म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा. "रस्त्यावरचे कपडे बाळाला लागू नयेत म्हणून. साहेब बाहेरच्या खोलीत असतात, म्हणून त्या खोलीत जाते आणि दार लावून घेते."

 सहा वेळा रेकॉर्डिंग पाहणारी मी, मला हे सुचलं नव्हतं. थोरली बहीण उठून उभी राहिली आणि परत बसली.

सिस्टरनी टेबलावरचा एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "हे कुणाकुणाच्या फोनवर दिसत होतं, ते लिहून द्या."

"नावं कशाला?" नवरा पुटपुटला. "घरचीच माणसं आहेत हो सगळी."

मी पेन घेतलं. सगळ्यात वर माझं नाव लिहिलं, खाली याचं. मग सासूबाई, सासरे, नणंदबाई, त्यांचे यजमान, त्यांचे दोन कॉलेजात जाणारे मुलगे, दीर, जाऊबाई, चुलतसासरे, चुलतसासूबाई, त्यांची मुलगी, तो जावई. मावससासूबाई आणि त्यांचा मुलगा. सोळा नावं झाली. कागद परत सरकवला.

सिस्टरनी ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली. यातल्या कुणालाही त्या ओळखत नव्हत्या.

"यांत पुरुष किती?" त्यांनी विचारलं.

मी पेनाचं टोक एकेका नावावर ठेवत मोजले आणि म्हटलं, नऊ.